दोन डाव्या बाह्यांचा माणूस

लिही गं. आणि मी बोलते तसंच लिही, मध्येच सुधारत बसू नकोस. मागे माझ्या नावाने जावेला पत्र लिहिलंस, तर तिने उलट विचारलं, "वकिलाकडून लिहून घेतलंत का?"

परवा तू तुझ्या त्या जाडजूड पुस्तकातून वाचून दाखवलंस ना, की गाशा गुंडाळणे यातला गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवर टाकायचं कापड? मी जन्मभर लोकांना "गुंडाळ तुझा गाशा" म्हणत आले आणि मला वाटायचं, गाशा म्हणजे वळकटी. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. वैतागून ते कापड गुंडाळून चालता झालेला कोणीतरी पहिला माणूस असेलच की! तो कोण, कशाला वैतागला, बायको त्याला काय म्हणाली, हे काही पुस्तकात नाही. म्हटलं, एका शब्दाचा माणूस मला पुरता ठाऊक आहे. तो तरी लिहून ठेवू.

शब्द आहे 'दोडावा'. हसू नकोस. तुझी आईसुद्धा म्हणते, पण तिला माहीत नाही तो कुठून आला. मला माहीत आहे, कारण तो मीच काढला. आणि माणूस म्हणजे आमचा बाहीभाऊ.

मी तेव्हा कोट शिवायच्या दुकानात काज-बटणाला होते. खाली कापडाचं दुकान, वर लाकडी जिन्याने गेलं की आमचा कारखाना. कारखाना कसला, एक लांबोडकी खोली. मधोमध कापायचं टेबल, ते मास्तरांचं. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. दोन्ही भिंतींना मशीनं. एक जण कॉलर बसवायचा, एक खिसे, एक अस्तर, आणि बाह्या बसवायला बाहीभाऊ. मी दाराजवळ, कारण काजांना उजेड लागतो. दाराजवळ बसलं की जिन्यावरचं आणि खोलीतलं, दोन्हीकडचं ऐकू येतं. लिहिता येत नसलं म्हणून काय झालं, कान शाबूत होते माझे.

आणि काय एकेक शब्द होते गं आमच्यात! गिऱ्हाइकासमोर बोलायचं, पण गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, म्हणून काढलेले. "पाऊस" म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. म्हणजे मालकीणबाई आल्या. त्या बारा महिने छत्री घेऊन फिरायच्या, आणि जिना चढताना तिचं टोक पायरीपायरीवर टक-टक वाजायचं. "उंबरा" म्हणजे दारातच उभा राहून भाव विचारणारा आणि आत न येणारा. तसा एक गृहस्थ खरोखर वर्षभर दारात उभा राहिला होता. शेवटी आला तो छत्री दुरुस्त होईल का विचारायला. "बंदूक" म्हणजे माप देताना पोट आत ओढून धरणारा माणूस. अशा एकाने आमच्यासमोर नवा कोट घातला, बटणं लावली, दम धरवेना म्हणून श्वास सोडला, आणि मधलं बटण सुटलं ते थेट मास्तरांच्या चष्म्याच्या काचेवर. तेव्हापासून टेप घेतानाच मास्तर खोकायचे, "बंदूक आहे हं." आम्ही समजायचो, बटणाला दोरा दुहेरी.

तर बाहीभाऊ. उंच, किडकिडीत, मान थोडी पुढे काढून चालणारा, आणि अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची पितळी टोपी, बोटातून कधी न काढणारा. चहा पितानासुद्धा कपावर ते टिकटिक वाजायचं. बोलायला मोजका. तो नवीन लागला त्या आठवड्यातच जुळ्या भावांचे दोन कोट आले. एकच काळं कापड, एकच माप. मास्तरांनी चार बाह्या कापून त्याच्यापुढे ठेवल्या, दोन डाव्या, दोन उजव्या. नवीन माणूस, घाबरलेला, वरून मास्तरांची घाई. काय केलं असेल त्याने? एका कोटाला दोन्ही डाव्या बसवल्या आणि दुसऱ्याला दोन्ही उजव्या!

तुला सांगते, कोटाच्या बाहीला पुढे बाक असतो, आपला हात खाली सोडला की जरा पुढे येतो ना, तसा. डावी बाही उजवीकडे लावली की तो बाक जातो मागे. जुळे ट्रायलला आले. एक उभा राहिला तर त्याचा डावा हात मागे चाललाय, दुसऱ्याचा उजवा. दोघं आरशात बघतायत आणि एकमेकांना म्हणतायत, "तू नीट उभा राहा की!"

सगळी खोली हसून लोळली. आणि मी, मेली जिभेला हाड नाही, बोलून गेले, "अगं बाई! एक दोडावा, एक दोउजवा!"

दोउजवा काही टिकला नाही. तोंडात बसत नाही तो. पण दोडावा असा चिकटला, की काही विचारू नकोस. खिसा तिरका बसला, दोडावा. चहात साखर नाही, दोडावा. कोणाची मेहुणी लग्नाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी पोचली, दोडावा. खाली कापडाच्या दुकानात गेला, तिथून रस्त्यावर, तिथून शाळेत. नवीन कारागीर लागले त्यांना वाटायचं, हा आपला जुनाच शब्द असणार. बाहीभाऊसमोरच म्हणायचे. तो खाली मान घालून बाही बसवायचा. अकरा वर्षं! अकरा वर्षांत त्या माणसाची एक बाही परत आली नाही, पण शब्द काही परत गेला नाही.

एकदा त्याची मुलगी दुपारी डबा घेऊन आली. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. डबा उघडला तर त्यात चमचा नाही. बाहीभाऊ म्हणाला, "अगं, चमचा?" तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "बाबा, मी पण ना, एक नंबरची दोडावा!"

खोलीतली सगळी मशीनं थांबली. तो म्हणाला, "असू दे, हाताने खातो." आणि खाल्लं. मी त्या दिवशी एक काज वाकडं घातलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे मास्तरांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण काळ्या कापडावर खडूची रेघ दिसेना. त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं, महिनाअखेर मी थांबतो, टेबल कोणाला द्यायचं ते ठरवा. टेबल मिळणं म्हणजे कात्री मिळणं, म्हणजे मास्तर होणं. आमच्या धंद्यात त्याच्यावर काही नाही. दोघंच त्या लायकीचे. एक बाहीभाऊ. दुसरा कॉलरवाला. हात त्याचा चांगला, नाही म्हणत नाही मी, पण बोलायला असा की गिऱ्हाईक कापड एका कोटाचं आणायचं आणि दोन कोटांचं माप देऊन जायचं.

बाहीभाऊला टेबल हवं होतं. तोंडाने बोलला नाही कधी, पण दुपारी सगळे जेवायला बसले की तो टेबलाशी उभा राहून, हात न लावता, मास्तरांच्या खडूच्या रेघा नुसत्या बघायचा. देवळात उभं राहावं तसा.

जिन्यात मालकीणबाई मास्तरांशी बोलत होत्या ते मी ऐकलं. मास्तर म्हणाले, "बाई, मला विचाराल तर बाहीवाला."

"हात चांगलाय हो त्याचा. पण पोरंसोरं ज्याच्या नावाने ओरडतात, त्याच्या हातात कात्री? गिऱ्हाईक काय म्हणेल? दोडाव्याकडे माप देऊन आलो?"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मी सहज उडवलेला शब्द, आणि तो जाऊन त्याच्याच वाटेत आडवा पडलेला.

आता ऐक. त्याच आठवड्यात घड्याळजी आले. आमच्याच रस्त्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं टपरीएवढं दुकान. लहानपणी उजवा हात मोडला होता आणि तो चुकीचा जुळला. खाली सोडला की पुढे यायच्या ऐवजी मागे वळायचा, पाठीमागे काहीतरी लपवतोय असा. सगळं काम डाव्या हाताने. मुलीचं लग्न ठरलं होतं. म्हणाले, "दारात उभं राहून पाहुण्यांना या म्हणायचंय. आजवर कोट घेतला तो हातावरच टाकून फिरलो. ह्या वेळी अंगात घालायचाय."

कॉलरवाल्याने माप घेतलं. तोच म्हणाला मी घेतो, टेबलावर डोळा होता ना. पहिली ट्रायल झाली. उजवी बाही खांद्यापासून अशी पिळवटली, की ओला टॉवेल बरा. बाही उसवली, मुंढा, म्हणजे बाही जोडायचं खांद्याजवळचं भोक, मोठा केला, दुसरी ट्रायल. आता पिळवटली नाही, फुगली. घड्याळजी आरशात बघून हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. म्हणाले, "राहू द्या. हात असा आहे त्याला तुम्ही काय करणार? हातावर टाकून उभा राहीन. सवय आहे मला."

कॉलरवाला हळूच पुटपुटला, "हातच दोडावा, कोट काय करणार."

ते गेल्यावर बघते तर बाहीभाऊ आपल्या जागेवर हात मागे वळवून बसलाय. मग उठला, स्वतःचा उजवा हात पाठीमागे नेला, पुढे आणला, परत मागे नेला. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आणि दोघांनाही एकदमच सुचलं.

"करा की मग," मी म्हटलं.

"काय करू?"

"मला विचारता? त्या चार बाह्या उसवायला तुम्हाला दोन दिवस लागले होते. तेव्हा काय नुसता दोरा बघत होतात?"

तो अंगुस्तान फिरवत बसला. मग म्हणाला, "काजताई, अकरा वर्षं झाली. एकदा चुकून केलं तर अकरा वर्षं ऐकतोय. आता जाणूनबुजून केलं आणि नाही बसलं, तर माझ्या नातवंडांना ऐकावं लागेल."

मला राहवेना. म्हटलं, "बाहीभाऊ, एक सांगू? तो शब्द मी काढला होता. मीच."

"माहीत आहे."

"काय?"

"अहो, तेव्हा माझ्या पाठीमागेच बसायचात तुम्ही. कानात बोलल्यासारखं ऐकू आलं."

"मग अकरा वर्षांत एकदा तरी शिवी द्यायची!"

"काय देणार?" तो म्हणाला, आणि खरं सांगते, हसला. "शब्द चांगला जमला होता. मलाही हसू आलं होतं. नंतर नाही आलं, ते वेगळं."

मी म्हटलं, "उठा. मास्तरांकडे जा. नाही गेलात तर मी जाते आणि तुमच्या नावाने सांगते, आणि माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे."

गेला. मास्तरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि कात्री त्याच्यापुढे सरकवली. आपल्या हाताने. सगळ्यांदेखत. कॉलरवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला बघायला वेळ नव्हता.

आधी त्याने जुन्या अस्तराची कच्ची बाही करून बघितली. दुसऱ्या दिवशी घड्याळजींच्या दुकानात जाऊन, ते स्टुलावर बसलेले असताना, उभे असताना, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देताना, तो हात कसा जातो ते बघून आला. मग डाव्या बाहीचा नमुना उलटा न करता तसाच उजवीकडे लावला आणि कापली. थोडी लांब, कोपराला थोडी सैल. मनगटाची बटणं मात्र तशी केली असती तर पुढून दिसली असती. ती मी मागच्या बाजूला घेतली. त्याने सांगितलं नव्हतं. मी केलं आणि त्याने बघितलं.

ट्रायलच्या दिवशी कोट टेबलावर पसरून ठेवलेला. आणि खरंच सांगते, टेबलावर तो भयंकर दिसत होता. एक बाही पुढे, एक मागे, पळत सुटलेल्या माणसासारखा. कॉलरवाल्याने तो उचलला, सगळ्यांना दाखवला आणि ओरडला, "अरे बघा, बघा! अकरा वर्षांनी परत! अस्सल दोडावा!"

खोली पुन्हा हसली. नवीन कारागीर, ज्यांना काही माहीत नव्हतं, तेही हसले. आणि तेवढ्यात जिन्यावर टक, टक, टक. "पाऊस!" कोणीतरी म्हणालं. मालकीणबाई आत आल्या, कोटाकडे बघितलं, बाहीभाऊकडे बघितलं. "हे काय आहे?" बाहीभाऊच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, गेलं. टेबल गेलं, कात्री गेली, माणूसच गेला.

मालकीणबाईंच्या मागोमाग घड्याळजी चढून आले. बायको बरोबर. बाहीभाऊ पुढे झाला. कोट घेतला, घड्याळजींच्या मागे उभा राहिला आणि आधी उजवा हात घालायला लावला. एरवी त्या हातासाठी ते वाकायचे, खांदा वर करायचे, बायको ओढायची. ह्या वेळी हात गेला. नुसता गेला, गं. पाण्यात जावा तसा. मग डावा. बाहीभाऊने खांद्यावरून एकदा तळवा फिरवला आणि बाजूला झाला.

एक सुरकुती नाही. हात मागे वळलाय, बाहीपण मागे वळलीय, आणि दोघांचं काही भांडण नाही. समोरून बघशील तर वाटेल, एक भारदस्त गृहस्थ पाठीवर हात घेऊन आरामात उभे आहेत. आणि मनगटाची बटणं मागच्या बाजूला, ओळीत.

घड्याळजींनी आरशात बघितलं. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. बायको म्हणाली, "अहो, मागे काय लपवलंय दाखवा की!" तिची थट्टा होती ती, पण म्हणता म्हणता पदर डोळ्याला लावला.

"मास्तर," घड्याळजी म्हणाले. कोणाला म्हणाले बघ! खऱ्या मास्तरांना नाही, बाहीभाऊला. "मास्तर, अशा कोटाला काय म्हणतात?"

खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती, आणि आमच्याकडे टाचण्या काही कमी नव्हत्या. बाहीभाऊने अंगुस्तान एकदा फिरवलं. अकरा वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

"दोडावा," तो म्हणाला. "दोन्ही डाव्या बाह्या. मुद्दाम कापलेल्या."

"दोडावा," घड्याळजी चव घेतल्यासारखे म्हणाले. "वा!"

कोट काढायलाच तयार नाहीत. अजून अस्तर टिपायचं होतं, तरी तसेच भर दुपारच्या उन्हात खाली उतरले, आणि रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक दुकानात थांबून सांगत गेले, "दोडावा शिवून घेतला! माझ्या हाताचा!" सगळ्या गावाची घड्याळं त्यांच्याकडे यायची. त्यामुळे जो येईल त्याला वेळेबरोबर कोटही दाखवला जायचा.

मालकीणबाईंनी छत्रीचं टोक टेबलाच्या पायावर आपटलं. "एक तारखेपासून तू इथे उभा राहा," त्या बाहीभाऊला म्हणाल्या. मग जिन्याकडे वळता वळता, "गिऱ्हाईक मास्तर म्हणून मोकळं झालंय, आता मी वेगळं काय म्हणू?"

आणि मग लोक यायला लागले. एकाचा एक खांदा पोती वाहून खाली आलेला. एक बाई, पाठीला बाक. एका पायाने आखूड असलेला ड्रायव्हर. सगळे खाली दुकानात विचारायचे, "दोडावा शिवून देतात ते इथेच ना?" आम्ही वर ऐकायचो. दोन-तीन वर्षांत शब्दाचा अर्थच फिरला. दोडावा म्हणजे बाकीच्या जगाला वाकडा दिसेल, पण ज्याचा आहे त्याला चपखल बसेल असा. आमच्या गल्लीत एक नवरा-बायको होते, तो मुलखाचा बडबड्या, ती मुलखाची अबोल. लोक म्हणायचे, "जोडा दोडावा आहे, छान चाललंय." कॉलरवाला तेवढा शेवटपर्यंत जुन्या अर्थाने म्हणत राहिला. पण एकट्याने म्हणून शब्द चालतो होय?

बाहीभाऊच्या मुलीला काही आठवत नाही चमचा विसरल्याचं. मी एकदा विचारून बघितलं. तिला वाटतं, तिच्या बाबांनी कोट शिवला तेव्हाच तो शब्द जन्मला. मी म्हटलं, हो बाई, तेव्हाच. पण त्याच्या आधीचं तू लिही गं. कुठेतरी खरं असायला हवं.

आता टेबल तिच्याकडे आहे. कात्री तीच, फक्त मूठ बदलली. बाहीभाऊ जाऊन सहा वर्षं झाली, पण अंगुस्तान तिच्या बोटात आहे. तिला मोठं होतं, म्हणून आतून कापडाची पट्टी घालते.

बरं, आता उठ आणि दाराच्या मागे माझा निळा ब्लाउज आहे तो दे. परवा तूच म्हणालीस ना, आजी, शिंपिणीने वाट लावली ह्याची, एक बाजू चार बोटं खाली? चाळीस वर्षं काजं घालून माझा डावा खांदा उतरलाय, दिसला नाही कधी तुला? कसा दिसणार! बाहीभाऊच्या लेकीने शिवलेलंच घालते ना मी. दे इकडे. खुंटीवर नको बघूस. अंगावर बघ.